दुपारचे तीन

शनिवारी शिंगणापुरात निवांत बोलायचं तर दुकानाच्या मागच्या घरात शिरावं लागतं. पुढं रस्त्यावर गाड्यांची रांग. काळं कापड, रुईच्या माळा, घोड्याची नाल, तेलाच्या बाटल्या यांनी भरलेल्या थाळ्या. मागं ओटा, ओट्यापलीकडं नुसती चौकट आणि चौकटीला पडदा. या गावातल्या घरांना कवाडं नाहीत, हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्याचं कौतुक पुन्हा सांगत नाही. २०११ साली युको बँकेनंही इथं बिनकुलपाची शाखा उघडली, यावरून काय ते समजावं.

आप्पा माझे जुने स्नेही. पूजासाहित्याचं दुकान आणि घोडेगावच्या बाजूला थोडा ऊस. त्यांची पुतणी फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकली, इथली परीक्षा पास झाली आणि आता एका सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करते. त्या दिवशी सुट्टी काढून आली होती. चुलत्या-पुतणीत २०२० पासून एक वाद चालू आहे. घरातल्या बाकीच्यांना तो आता पाठ झालाय, त्यामुळं नवा माणूस ओट्यावर आला की दोघांनाही हुरूप येतो.

निमित्त पेढ्यांचं झालं. शेजारचा मुलगा सप्टेंबरात किरगिझस्तानला वैद्यकीय शिक्षणाला निघालाय, म्हणून त्याची आई पेढे देऊन गेली.

"खा," आप्पा मला म्हणाले. "आणि जाताना त्याला एवढं सांगा, की बाबा रे, तिकडं अडकलास तर विमान मागू नको."

"झालं सुरू," पुतणी म्हणाली.

"सुरू काय? चूक बोलतोय का मी? आपल्या पायानं आणि बापाच्या पैशानं देश सोडला ना? मग साथ आली की आहे तिथं गप बसावं. हे माझं एकट्याचं नाही. सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. आपले बोबडेसाहेब होते तेव्हा."

यात तथ्य आहे. १३ एप्रिल २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठापुढं इंग्लंड, अमेरिका, इराण, आखात इथल्या भारतीयांना परत आणावं अशा याचिका होत्या. तूर्त आहात तिथंच राहा, असं सांगून न्यायालयानं त्या चार आठवडे पुढं ढकलल्या. आप्पांनी त्या दिवशी टीव्हीवर हे ऐकलं आणि तेव्हापासून कोर्ट त्यांच्या बाजूनं आहे.

"आप्पा, १३ एप्रिल लई उशिराची गोष्ट झाली," ती म्हणाली. "माझं भांडण १७ मार्चशी आहे."

मग तिनं मला १७ मार्च सांगितला. आप्पांनी तो शंभरदा ऐकला असेल, तरी मान वळवून ऐकत होते.

"मी मनिलाजवळ होते. मनिला ज्या लुझोन बेटावर आहे ते सगळं बेट बंद करायचं, असं दुतेर्तेंनी १६ तारखेला जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या सरकारनं परदेशी लोकांना सांगितलं, बाहेर पडायचं असेल तर ७२ तासांत पडा. कॉलेजच्या पोरांची पळापळ. मला रात्रीचं तिकीट मिळालं, क्वालालंपूरवरून. बॅग भरून बसले होते. तेवढ्यात फोनवर फोन. दिल्लीचा हुकूम निघाला होता, अफगाणिस्तान, फिलिपिन्स आणि मलेशिया या तीन देशांतून भारताकडं दुपारी तीननंतर एकही विमान उडायचं नाही. हुकूमही त्याच दिवशीचा आणि तीनही त्याच दिवशीचे. आपल्याकडं तीन म्हणजे आमच्याकडं साडेपाच. सासर म्हणतं तीन दिवसांत नीघ आणि माहेर म्हणतं येऊ नको. मी मधे, भरलेल्या बॅगेवर बसलेली."

"आणि सकाळीच निघालेले?" मी विचारलं.

"ते क्वालालंपूरला पोचले आणि तिथंच अडकले. विमानतळाच्या फरशीवर. त्यांचे व्हिडिओ सगळीकडं गेले, टीव्हीवर दिसले, म्हणून दिल्लीला आणि विशाखापट्टणमला विमानं सोडायची परवानगी मिळाली. आम्ही खोलीत होतो. आमचा कुणी व्हिडिओ काढला नाही."

मला इथं मधे बोलल्याशिवाय राहवलं नाही. १७ मार्च २०२०, दुपारी तीन. शिर्डीचं साईमंदिर भाविकांना बंद झालं ते याच दिवशी, याच वेळी. शिंगणापूरचं दर्शनही त्याच दिवसांत थांबलं. म्हणजे इकडं पुतणीचं विमान गेलं, तिकडं साईबाबांचं दर्शन गेलं, आणि मागोमाग आप्पांचं दुकान.

"आठ महिने," आप्पा म्हणाले. "पाडव्याला उघडलं, १६ नोव्हेंबरला. मधे २२ मेला शनिजयंती आली. आमच्या दुकानाचा तो दिवाळसण. एक थाळी विकली नाही. कुणाला विमान मागितलं का मी?"

"तुम्ही तुमच्या घरात होता, आप्पा."

"घरात होतो म्हणून काय पोट भरत होतं?"

दोघंही जरा थांबले. पुढं दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. आप्पा उठून गेले, थाळी देऊन परत आले आणि बसताना नवा मुद्दा घेऊन बसले. वाद घालणाऱ्याला मधे दुकान असलं की असा फायदा होतो.

"नोटीस, नोटीस म्हणतेस. साथीला कसली नोटीस? गंजीला आग लागली की माणूस घागर शोधतो, घड्याळ बघत नाही. पुण्यात ९ मार्चला पहिले दोन पेशंट निघाले ते कुठून आले होते? दुबईहून. रोग बैलगाडीतून आला नव्हता."

"मान्य. दार लावायचंच होतं, मीही डॉक्टर आहे. पण लावताना उंबऱ्यावर कुणी उभं आहे का हे बघायला नको? वुहानला बघितलं होतं ना. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एअर इंडियाच्या दोन विमानांतून ६४७ माणसं आणली, दिल्लीजवळच्या छावण्यांत १४ दिवस ठेवली आणि मग घरी सोडली. २२ मार्चला रोमहून २६३ जण आणले. म्हणजे येत होतं करायला. आणून वेगळं ठेवणं हेसुद्धा दार लावणंच आहे."

"आणि हेच माझ्या डोक्यात जातं." आप्पांचा आवाज चढला. "रोमहून विमान! आणि आपल्या मुळा कारखान्याच्या, भेंड्याच्या कारखान्याच्या फडातले बीडचे ऊसतोडे? ते काय रोमला होते का? जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्यांचं गाव. बायका-पोरं, बैलं घेऊन कोप्यांत बसून होते. १७ एप्रिलला सरकारनं त्यांना घरी जायची परवानगी दिली. एक लाखावर माणूस होता राज्यात असा. त्यांना कुणी अडकलेले म्हणालं का? पेपरात अडकलेले म्हणजे कोण, तर तुम्ही. विमानवाले."

पुतणी काही बोलली नाही.

"आणि करमाड," आप्पा म्हणाले.

यावर बोलण्यासारखं काय असतं? ७ मे २०२० रोजी 'वंदे भारत' मोहिमेची पहिली विमानं आखातातून केरळात उतरली. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला, जालन्याहून रुळांच्या कडेनं मध्य प्रदेशाकडं चालत निघालेले आणि दमून रुळांवरच झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो विसरलेला मराठी वाचक मला अजून भेटायचाय. या दोन तारखांमध्ये एका रात्रीचं अंतर आहे. आप्पांनी ते जुळवून ठेवलं होतं आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

"आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या लोकांना आठ वाजता सांगितलं होतं, रात्री बारापासून देश बंद. मला दुपारी कळवलं, तीनपासून बंद. त्यांच्यावरचं संकट कितीतरी मोठं, ते मी नाकारत नाही. पण कुऱ्हाडीचा दांडा एकच होता ना? तुम्ही मला त्यांच्यासमोर का उभं करता? त्यांच्या शेजारी करा."

"शेजारी कशी करू? तुझं भाडं भरायला तुझ्या बापाकडं जमीन होती."

"होती. ती एजंटनं बघितली होती म्हणून तर मी फिलिपिन्सला गेले."

यावर आप्पा खो खो हसले. बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो. शिंगणापूरच्या रस्त्यावर भाविकांच्या गाड्यांना अक्षरशः लटकून, पूजेचं ताट घ्या म्हणून मागं लागणाऱ्या दलालांना इथं 'लटकू' म्हणतात. दुकानदार म्हणून आप्पांचा त्यांच्यावर राग आणि त्यांच्यावाचून धंदाही अडतो, असं दुहेरी नातं.

"बरोबर बोलली," ते म्हणाले. "आपले लटकू गाडीला लटकतात, हिच्या बापाला भेटला तो सातबाऱ्याला लटकला. नगरला हॉटेलात मीटिंग, पडद्यावर समुद्र, पामची झाडं. मी गेलो होतो बरोबर. मी विचारलं, पोरीला काही झालं तर जबाबदार कोण? म्हणाला, काका, आमचा माणूस आहे तिथं."

"होता," ती म्हणाली. "१८ मार्चला त्याचा फोन बंद झाला."

मग तिनं तिथले तीन महिने सांगितले, पण फार नाही. तालचा ज्वालामुखी जानेवारीतच राख उधळून गेला होता, त्यामुळं घरात मास्क आधीच होते. वर्ग मोबाइलवर. आपल्या ग्रामपंचायतीसारखं तिथं बरांगाय असतं, त्याचा कॅप्टन म्हणजे सरपंच. बरांगायनं घरटी एक पास दिला. तो ज्याच्याकडं त्यानं बाहेर जायचं आणि भाजी, तांदूळ, औषध आणायचं. चार मुलींत एक पास. रात्री आठला संचारबंदी. बरांगायच्या शिध्यात तांदूळ, नूडल्स आणि सार्डिन माशांचे डबे. ही माळकऱ्याच्या घरातली. ते डबे ती घरमालकिणीला द्यायची आणि मालकीण त्या बदल्यात केळी आणि अंडी पाठवायची. अंड्यांचं काय केलंस, असं आप्पांनी आजवर विचारलेलं नाही.

"माझं नाव परदेशी लोकांच्या यादीत होतं की नाही मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण शिध्याच्या यादीत पहिल्या आठवड्यात होतं. कॅप्टन दारात येऊन डोकी मोजून गेला. आणि आपल्या दूतावासाच्या यादीत माझं नाव नव्हतं, कारण नोंदणी आम्ही करतो, तुम्ही अभ्यास करा, असं एजंट म्हणाला होता. 'वंदे भारत'ची नावं काढायला लागले तेव्हा मी नव्यानं अर्ज भरला. विमान मिळालं जूनमध्ये. आणि आप्पा, ते फुकट नव्हतं. लंडनहून मुंबईला ५० हजार आणि अमेरिकेहून एक लाख, असे दर जाहीर झाले होते. मीही मोजले."

"मग आलीस ती चुकलीसच," आप्पा म्हणाले. "हे मी आज नाही, तेव्हाच सांगितलं होतं. थांब म्हणालो होतो की नाही?"

इथं ती अडली. आप्पांचं म्हणणं असं, की जूनमध्ये घरी आली म्हणून तिची वर्षं गेली. जे तिथंच राहिले ते दवाखाने उघडल्यावर वॉर्डात जाऊ लागले. हिला परत जायला २०२२ उजाडलं. तोवर नातेवाइकांच्या लग्नात 'डॉक्टर झाली का' हा प्रश्न.

"यात तुमचं खरं ठरलं," ती म्हणाली. "राहुरीची माझी मैत्रीण तर वुहानच्या विमानात होती. पेपरात फोटो, गावात सत्कार. सगळ्यांना वाटलं, सुटली. सुटली कसली! चीननं आपल्या विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली ती २०२२ च्या ऑगस्टअखेर. अडीच वर्षं तिनं शस्त्रक्रिया मोबाइलवर बघितल्या, गोठ्यातल्या खाटेवर बसून, कारण रेंज तिथंच यायची. वैद्यकीय आयोगाचं म्हणणं, रोग्याला हात न लावता डॉक्टर कसं म्हणायचं. ते तरी चूक कसं म्हणू? शेवटी जुलै २०२२ मध्ये तिच्यासारख्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तोड निघाली. परीक्षा द्या, ३०० पैकी १५० मिळवा आणि मग एकाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप करा. ती घरीच अडकली होती, आप्पा. स्वतःच्या घरी. पण तुम्ही मला 'थांब' म्हणत होता ते माझ्या शिक्षणासाठी नाही. तुम्ही गावबंदीच्या कमिटीत होता म्हणून."

ओट्यावर पहिल्यांदाच शांतता पडली. पुढं कुणीतरी तेलाचा भाव विचारत होतं.

त्या वर्षी गावोगाव वेशीवर बाभळीची काटं, आडव्या बैलगाड्या, रस्त्यात चर, 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' असे फळे लागले होते. पुण्या-मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावालाही लोकांनी वेशीबाहेर ठेवलं. ज्या गावात घराला कवाड लावणं म्हणजे शनिदेवावर अविश्वास, त्या गावानं काय करायचं, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. आप्पांना तो पडायच्या आधीच सोडवावा लागला.

"होतो कमिटीत," आप्पा म्हणाले. "नियम काय होता तेव्हा? सात दिवस मुंबईत हॉटेलात, स्वतःच्या खर्चानं. पुढचे सात घरी, वेगळ्या खोलीत. आशाताई फॉर्म घेऊन आली, इथंच बसली. म्हणाली, वेगळी खोली आहे का? म्हणलं आहे. म्हणाली, खोली बंद राहते का? आता काय सांगू तिला? ती याच गावची. ती पण हसली आणि मी पण. मग म्हणाली, आप्पा, घरात म्हातारी आहे, तिला दमा आहे. पडद्यानं करोना थांबतो का?"

"म्हणून मला उसात ठेवलं," ती म्हणाली.

"मोटारीच्या खोलीत."

"तिलाही दार नव्हतंच."

"चारी बाजूंनी पुरुषभर ऊस होता. माणूस फिरकत नव्हता तिकडं."

"माणूस नाही, पण बिबट्या?"

आप्पा गप्प. राहिलेलं तिनं मला सांगितलं, त्यांच्याकडं न बघता. दोन वेळचा डबा आप्पा बांधावर ठेवायचे, मागं सरायचे आणि मग हाक मारायचे. नगर जिल्ह्यातल्या उसात बिबट्या ही काही अफवा नाही. म्हणून त्या सातही रात्री बांधापलीकडं, वीसेक हातांवर, बाज टाकून, कंदील आणि काठी घेऊन आप्पा झोपले. कमिटीत ठरलं होतं, घरच्यांनी जवळ जायचं नाही. आप्पा गेले नाहीत. वीस हात कमिटीच्या नियमात बसत होते.

"म्हणजे तुम्हीच बघा," ती मला म्हणाली. "यांनी मला गावात येऊ दिलं नाही. आणि हेच माझ्यासाठी सात रात्री उघड्यावर झोपले. आता यांच्याशी भांडायचं कसं?"

"भांड की," आप्पा म्हणाले. "मी आजही तेच करीन. म्हातारीला काही झालं असतं तर?"

"करा ना. दिल्लीवाल्यांनी तेवढंच करायला हवं होतं. येऊ द्यायचं, लांब ठेवायचं आणि रात्री जागं राहायचं. मी दुसरं काय मागत होते?"

आप्पांनी उत्तर दिलं नाही. वाद संपला असं मात्र समजू नये. करमाडचं उत्तर तिच्याकडं नाही, हे त्यांना माहीत आहे. आणि तीन वाजण्याचं उत्तर त्यांच्याकडं नाही, हे तिला. पुढच्या शनिवारी कुणी नवा आला की पुन्हा १७ मार्चपासून सुरुवात होईल. माझं मत विचाराल तर, करमाडच्या माणसांचं दुःख मोठं म्हणून त्या पोरीचं भांडण खोटं ठरत नाही. पण 'अडकलेले' हा शब्द त्या वर्षी आम्ही लिहिणाऱ्यांनीच विमानतळावरच्यांसाठी राखून ठेवला, हा आप्पांचा आरोप मी अंगावर घेतो. कोप्यांतल्या ऊसतोड्यांसाठी तो वापरल्याचं माझ्या हातून तरी झालं नाही.

निघताना आप्पांनी ओट्यावरूनच शेजारी हाक टाकली. मधे दार नाही, त्यामुळं हाक थेट स्वयंपाकघरात जाते.

"ए पोरा! तिकडच्या दूतावासात नाव नोंदवायचं असतं, माहीत आहे का?"

"एजंट करणार आहे म्हणाला, आप्पा," आतून उत्तर आलं.

पुतणी उठली, चप्पल पायात सरकवली आणि फोन हातात घेऊन त्या पडद्याआड गेली.

परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपलं नाव नोंदवता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. तुमच्या घरातलं कुणी निघालं असेल तर ते एजंटवर सोडू नका. समोर बसवून भरून घ्या.